पत्ता म्हणजे माणूस नव्हे

डोंबिवली, कोथरूड, नाशिकरोड, कुठल्याही जुन्या सोसायटीत जिन्याखाली पत्र्याच्या टपालपेट्यांची रांग दिसते. काही झडपा बिजागरीतून निखळून लोंबत असतात, काहींना कुलूप कधी लागलेलंच नसतं. सदनिका भाड्याने दिलेली असेल तर पेटीवर नाव मालकाचं आणि आत टपाल भाडेकरूचं. क्लासच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या पत्रकांखाली एखादं जाडसर पाकीट दबलेलं असतं. वरून अंगठा फिरवला तरी आत प्लॅस्टिकचं कार्ड आहे हे कळतं. त्याखाली म्युच्युअल फंडाचं विवरणपत्र असतं, त्यावर फोलिओ क्रमांक. विम्याच्या हप्त्याची सूचना असते, तिच्यावर पॉलिसीचा क्रमांक. दिवसभरात ये-जा करणाऱ्या कुणाच्याही हाताला हे सगळं लागू शकतं, आणि चार दिवस कुणी पेटी उघडली नाही तर काय गेलं हे घरच्यांना कळणारही नाही.

हल्ली टपाल येतंच कुठे, असं म्हणून हा विषय झटकला जातो. मला हे म्हणणं पटत नाही. खुशालीची पत्रं बंद झाली, लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर आल्या, दिवाळीची शुभेच्छापत्रं गेली हे खरं. पण जे उरलं ते काय आहे ते पाहा. डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, चेकबुक, पॅन, आधार, पासपोर्ट, विम्याची पॉलिसी, आयकर खात्याची नोटीस, कोर्टाचं समन्स. पूर्वी शंभर पत्रांत एखादं पत्र चोराच्या उपयोगाचं असायचं. आज टपालाचा ढीग लहान झाला, पण त्यातल्या पाकिटामागची जोखीम कितीतरी वाढली. आणि नेमक्या याच काळात पेटीकडे लक्ष देणं आपण सोडून दिलं.

शिवाय काही कागद पाकिटात घालायचीही तसदी घेतली जात नाही. महावितरणचं वीजबिल घडी करून फाटकाच्या जाळीत खोचलेलं असतं, नाहीतर मीटरच्या खोलीत एकगठ्ठा ठेवून दिलेलं असतं. त्यावर पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, ग्राहक क्रमांक सगळं उघड असतं. आता बँकांना लागू असलेला केवायसीचा नियम बघा. तुमच्या मूळ ओळखपत्रावर सध्याचा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीज, टेलिफोन, पाणी किंवा पाइप गॅसचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून तात्पुरतं चालतं. नवा पत्ता असलेलं ओळखपत्र तीन महिन्यांत आणून द्यायचं असतं. म्हणजे जाळीत खोचलेला तो कागद हा अर्ध्या केवायसीचा ऐवज आहे. उरलेला अर्धा भाग, आधार-पॅनची झेरॉक्स, आपण लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात, जिमच्या अर्जासोबत वर्षानुवर्षं वाटत आलो आहोत.

याच नियमांत एक जागा अशी आहे की तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पत्ता बदलल्याचं ग्राहकाने स्वतःच लिहून दिलं, तर बँकेने दोन महिन्यांच्या आत त्या पत्त्याची खात्री करून घ्यायची असते. त्यासाठी माणूस पाठवता येतो. पण त्या पत्त्यावर पडताळणीचं पत्र धाडणं, किंवा बँकेने पाठवलेली एखादी वस्तू तिथे पोचणं, हेही खात्रीचे मान्य मार्ग आहेत. पाकीट त्या पत्त्यावर पोचलं, म्हणजे ग्राहक तिथे राहतो. पण पोचलं कुठे? बहुतेक वेळा त्याच निखळलेल्या झडपेच्या पेटीत, किंवा वॉचमनच्या केबिनमधल्या टेबलावर. तिथून ते कुणी उचललं हे बँकेला माहीत नसतं आणि ते विचारायची गरजही तिला वाटत नाही.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. टपालाची चोरी फायद्याची ठरते ती कुलूप कच्चं असल्यामुळे नाही. आपल्या संस्था पत्त्यालाच माणूस समजतात, म्हणून ती फायद्याची ठरते. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि एखादा क्रमांक ज्याला सांगता येतो, तोच तो माणूस, असं धरून कर्ज दिलं जातं, सिम दिलं जातं, खातं उघडलं जातं. ही सोपी वाट बँका आणि कंपन्या स्वतःच्या सोयीसाठी निवडतात. तिच्यावरून चोर आत शिरला तर नुकसानही त्यांचं असायला हवं. प्रत्यक्षात ते येऊन पडतं त्या माणसावर, ज्याने काहीच निवडलेलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं, कारण पत्ता आणि माणूस यांच्यामध्ये पोस्टमन उभा होता. मुंबईत गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातली घरंच्या घरं चालायची. मनीऑर्डर वाड्यातल्या कुठल्या म्हातारीची, तिचा मुलगा परळला कुठे राहतो, याची पोस्टमनला माहिती असे. सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार घेऊन तो पैसे हातावर मोजायचा. पिनकोड आपल्याला दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. संस्कृतचे पंडित असलेल्या या मराठी अधिकाऱ्याची सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून देशभर लागू झाली. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून पत्र नेमक्या डाकघरापर्यंत न्यायचं काम तिने चोख केलं. शेवटचा टप्पा मात्र पोस्टमनच्या ओळखीवर सोडलेला होता, आणि तो तसा सोडणं त्या काळी बरोबरच होतं. 2025 साली टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने दहा अक्षरांकांचा डिजिपिन आणला. देशातली साधारण चार मीटर बाय चार मीटरची कुठलीही जागा त्याने दाखवता येते. जागा इतकी बिनचूक सापडायला लागली, पण त्या चौकोनात दार उघडणारा माणूस कोण आहे हे डिजिपिनला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता यायचं त्या पोस्टमनकडे आता तेवढा वेळ राहिलेला नाही.

हे गेलेल्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाही. त्या ओळखीच्या व्यवस्थेची एक बाजू कडवट होती आणि तिच्याबद्दल बोलायलाच हवं. पोस्टमन घर ओळखायचा, आणि घर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. सुनेच्या नावाचं पत्र सासऱ्याच्या हातात पडायचं, तो ते फोडायचा, त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. विधवेच्या नावाची रक्कम दीर घ्यायचा. आजही 'घरातल्या कुणाकडेही दिलं तरी चालतं' हीच रीत चालू आहे. नोकरी करणाऱ्या मुलीचं एटीएम कार्ड घरच्यांच्या हाती लागतं आणि तिच्या पगारावर तिचा ताबा राहत नाही. म्हाताऱ्या आईचं चेकबुक मुलगा परस्पर घेतो आणि सही 'जमवून' टाकतो. आपल्या नावाने उचललेलं कर्ज जवळच्याच माणसाने उचललंय हे ज्यांना कळतं, ते पोलिसात जात नाहीत. कुटुंबाची अब्रू आड येते. अनोळखी चोरापासून टपाल वाचवायचे उपाय सगळे सांगतात. घरातल्या माणसापासून वाचवायचं असेल तर पाकीट नावाच्याच माणसाच्या हातात पडणं याला दुसरा पर्याय नाही. म्हणून 'घरपोच' आणि 'हातपोच' यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि बायका-म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर तो हक्काचा प्रश्न वाटतो.

आता कायद्याकडे वळू. 1898 च्या टपाल कायद्यात टपालाची चोरी करणाऱ्या, ते दडवणाऱ्या किंवा नष्ट करणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने जुन्या कायद्यातले हे सगळे गुन्हे काढून टाकले. पाठोपाठ आलेला डाकघर कायदा, 2023 हा 18 जून 2024 पासून लागू झाला. त्यातही टपालचोरीचा गुन्हा नाही आणि परक्याचं पाकीट फोडण्याचाही नाही. सरकारला टपाल अडवून उघडायचे अधिकार मात्र त्यात शाबूत आहेत. चोरीला आणि लोकसेवकाच्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, तेव्हा चोर मोकाट सुटेल असं कुणी समजू नये. पण टपाल ही नागरिकाची खासगी ठेव आहे, ती सांभाळणं या सेवेचं पहिलं कर्तव्य आहे, ही गोष्ट टपालाच्याच कायद्यात उच्चारलेली नसणं हे मला गंभीर वाटतं. नुकसान झालं तर खात्यावरची जबाबदारी जुन्या कायद्यातही नाममात्र होती, नव्यातही तशीच आहे. स्पीड पोस्टचं पाकीट हरवलं तर आकारणीच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांतली जी कमी ती भरपाई, असा वर्षानुवर्षांचा नियम. आतल्या चेकबुकाचं काय झालं हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. खासगी कुरियरला तर टपालाचा कायदाही लागू नाही.

साध्या टपालाला मागमूसच नसतो. मार्च 2018 मध्ये यवतमाळजवळ एक विहीर साफ करताना आधार कार्डांचा मोठा साठा सापडला होता. सामान्य माणसांची, वाटून त्यांच्या हाती पडायला हवी होती अशी कार्डं. आधारची पत्रं साध्या टपालाने जात. त्यांची नोंद वाटेत कुठे होत नाही, त्यामुळे एखादं पोचलं नाही तर ते कुठे अडकलं हे शोधायला धागाच नसतो. मी यात सरसकट पोस्टमनला दोष देणार नाही. देशातल्या सुमारे 1 लाख 64 हजार डाकघरांपैकी बहुसंख्य खेड्यांत आहेत आणि ती चार-पाच तासांच्या कामावर नेमलेल्या ग्रामीण डाकसेवकांच्या जिवावर चालतात. पाचसहा वाड्या-वस्त्या तुडवणारा माणूस शेवटी किराणा दुकानात गठ्ठा ठेवून पुढे जातो. शेतावर गेलेल्या माणसाच्या बंद दाराशी तो किती वेळ थांबणार?

निव्वळ शिक्षा वाढवून हा प्रश्न सुटत नाही हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. तिथे टपालाची चोरी हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होते, आणि टपाल खात्याचं स्वतःचं तपास दल आहे. येणाऱ्या पाकिटांची छायाचित्रं सकाळीच ईमेलवर पाहायची सोयही आहे. तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या अर्थखात्याच्या गुन्हेविरोधी यंत्रणेला टपालातून चोरलेल्या धनादेशांच्या गैरवापराबद्दल बँकांना खास इशारा द्यावा लागला. चोर शाई रसायनाने धुऊन नवं नाव आणि नवी रक्कम घालतात. तिथे राहणारी आपली मराठी मंडळी आता चेक पेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीवर नेऊन देतात. मात्र एक गोष्ट त्या देशाने चांगली केली. सप्टेंबर 2018 पासून कुठलाही नागरिक आपल्या पतनोंदीला फुकट टाळं ठोकू शकतो. टाळं असेपर्यंत नवी बँक ती नोंद पाहू शकत नाही, आणि नोंद न पाहता सहसा कुणी कर्ज देत नाही. कागद चोरीला गेला तरी त्याची किंमत शून्याच्या जवळ जाते. कायद्याने दिलेला असा हक्क आपल्याकडे नाही, आणि तो मागायला हवा.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. न मागता क्रेडिट कार्ड पाठवायला बंदी आहे, आणि तसं पाठवलेल्या कार्डाचा गैरवापर झाला तर नुकसान कार्ड देणाऱ्याचं. 2022 च्या निर्देशांनुसार तीस दिवस वापरात न आलेलं कार्ड चालू करण्यापूर्वी ओटीपीने ग्राहकाची संमती घ्यावी लागते. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा येत नाही. ग्राहकाची चूक होती हे बँकेने सिद्ध करायचं. ही तत्त्वं उत्तम आहेत.

पण ती तुमच्या स्वतःच्या खात्यापुरती आहेत. तुमच्या पॅनवर भलत्यानेच कर्ज उचललं तर काय? अभिनेता राजकुमार राव याने एप्रिल 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की त्याच्या पॅनवर कुणीतरी 2,500 रुपयांचं कर्ज काढलं आणि त्याची पतनोंद बिघडली. तो नट आहे म्हणून बातमी झाली. एखाद्या कारकुनाच्या बाबतीत हे घडलं, तर त्याला घराचं कर्ज नाकारलं जातं तेव्हाच पत्ता लागतो. मग तो पतमापन संस्थेकडे तक्रार करतो, ती कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारते, आणि कंपनीने मान्य केल्याशिवाय नोंद हलत नाही. फसवली गेली ती कंपनी, पण वसुलीची माणसं येतात याच्या दारात. मी कर्ज घेतलेलं नाही, हे त्याने सिद्ध करायचं. न घेतलेल्या कर्जाचा पुरावा कुठून आणायचा? तीस दिवसांत तक्रार निकालात निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम एप्रिल 2024 पासून आहे. तो पाऊल म्हणून ठीक, पण उलटा असायला हवा. तीस दिवसांत कर्ज देणाऱ्याने पैसे नेमक्या कोणत्या माणसाच्या हाती दिले हे दाखवलं नाही, तर नोंद आपोआप पुसली गेली पाहिजे.

टपालाच्या बाबतीतही हाच न्याय हवा. कार्ड किंवा चेकबुक नावाच्या माणसाच्या हातात पडेपर्यंतची सगळी जोखीम पाठवणाऱ्याची, असं स्पष्ट लिहिलं गेलं की बँका आपोआप नीट मार्ग निवडतील. मार्ग उपलब्ध आहेत. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, पण नावाच्याच माणसाला देण्याची नोंदणी आणि ओटीपीने देण्याची सोय स्पीड पोस्टाला जोडून मिळते. ऑक्टोबरपासून ठरलेला त्यांचा दर प्रत्येकी पाच रुपये अधिक जीएसटी इतका आहे. चेकबुकाच्या प्रत्येक पाकिटावर बँकेने एवढा खर्च करावा ही अवाजवी अपेक्षा नाही. आणि ज्या पाकिटाची अशी पोच नाही, ते पत्त्याचा पुरावा म्हणून धरलं जाऊ नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, घराला कुलूप, पोस्टमन येतो अकराला. हातपोचचा आग्रह धरला तर पाकीट परत जाणार आणि शनिवारी डाकघरात रांग लावावी लागणार. हा त्रास खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. त्यावर उपाय डाकघरांनी संध्याकाळची खिडकी चालू ठेवण्याचा आहे, आणि कार्ड शाखेतून घ्यायचा पर्याय बँकेने अर्जावर ठळक छापण्याचा. दुसरा आक्षेप ओटीपीचा. 'तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, लिंक दाबा' असे टपाल खात्याच्या नावाचे खोटे संदेश सर्रास फिरतात आणि कुरियरच्या नावाने फोन करून लोकांकडून ओटीपी काढून घेतले जातात. तेव्हा दारात माणूस आणि हातात पाकीट दिसल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, हे घरातल्या आजी-आजोबांना दोनदा नाही, दहादा सांगावं लागेल.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हाती थोडंच आहे, पण ते टाकून देण्यासारखं नाही. नवीन कार्ड किंवा चेकबुक मागवलं की पाठवल्याचा एसएमएस येतो, त्यातला क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्यात पाकीट आलं नाही तर वाट पाहत बसू नका, बँकेला लेखी कळवा. घर बदललं तर डाकघरात अर्ज देऊन टपाल नव्या पत्त्यावर वळवून घ्या. परदेशी राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांच्या पश्चात बंद घराच्या पेटीत साचणारं डीमॅटचं आणि बँकेचं टपाल आधी थांबवावं, घराची विल्हेवाट मागाहून लावता येते. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या, आणि प्रतीवरच आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. पतमापन संस्था चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, तेव्हा तीन-तीन महिन्यांनी एकेक मागवला की वर्षभर नजर राहते. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिला फोन सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला, आणि बँकेला त्याच दिवशी.

उरते ती जिन्याखालची पेट्यांची रांग. ती एकट्या सभासदाला दुरुस्त करता येत नाही, कारण ती सोसायटीच्या सामाईक मालमत्तेचा भाग आहे. लॉबीला ग्रॅनाइट बसवायला, फाटकावर कॅमेरे लावायला सोसायट्या लाखांनी खर्च करतात. कुलूप असलेल्या, बारीक फटीच्या पेट्या आणि पार्सलसाठी सही घेणारी वही यांचा खर्च त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. महाराष्ट्रात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर टपालपेट्यांचा विषय घ्या, असं पत्र आजच सेक्रेटरींच्या हातात द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.